जड धातूचे संगीत आणि मुंबईची एक ध्वनिमुद्रिका

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून किमान वेतन, बोनस किंवा भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलावे, ही श्रोत्यांची अपेक्षा रास्त आहे. आम्ही मात्र 'हेवी मेटल' नावाच्या संगीताचा विषय घेतला आहे. हेवी मेटल म्हणजे शब्दशः जड धातू. ज्या संगीताच्या नावातच लोखंड आहे, त्याचा लोखंडाच्या कारखान्याशी काही संबंध असेल काय, ही साधी शंका आमच्या मनात आली, आणि तिचा माग काढता काढता आम्ही बर्मिंगहॅमहून जर्मनीस व तेथून मुंबईस येऊन पोचलो. या प्रवासात जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे संगीत म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांचे मत असे की हा निव्वळ गोंगाट आहे. मोठा आवाज ही गोष्ट आपणांस परकी नाही. हलगी कडाडली की आपली पावले थांबतात. औशाच्या नाथ संस्थानचे चक्रीभजन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना टाळ-मृदंगाचा गजर वाढत वाढत गेला म्हणजे माणसाचे काय होते, हे आम्ही सांगावयास नको. फरक आहे तो आवाज निर्माण करण्याच्या रीतीत.

विजेच्या गिटारीला पोकळ भोपळा किंवा लाकडी पेटी लागत नाही. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो. मोटारी रिवाइंड करणाऱ्या आमच्या मित्रांना यात नवल वाटणार नाही. तत्त्व डायनामोचेच आहे. हा क्षीण प्रवाह अॅम्प्लिफायर मोठा करतो व कर्ण्यातून बाहेर सोडतो. आता त्या अॅम्प्लिफायरवर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकला तर काय होते? ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात, मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात, आणि आवाज खरखरीत, जाड व लांबलेला होतो. लग्नाच्या वरातीत कर्णा फाटू लागला म्हणजे जो आवाज येतो, तोच हा. वरातीत तो दोष असतो. या संगीतात मात्र तो दोष मुद्दाम साधून, ताब्यात ठेवून वाजविला जातो.

असा फाटलेला आवाज काढताना एकाच वेळी अनेक स्वर छेडले तर सारा चिखल होतो. म्हणून या लोकांनी मधला गांधार काढून टाकला आणि षड्ज व पंचम एवढेच ठेवले. आपल्या तंबोऱ्यावर जी जोडी लागते तीच! गांधार नसल्यामुळे तो स्वरसमूह ना आनंदाचा वाटतो ना करुणेचा. तो नुसता उभा राहतो, भिंतीसारखा. आमच्या कानाला या संगीताची ओळख पटली ती या षड्ज-पंचमामुळे.

आता त्याच्या जन्माकडे येऊ. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम करीत असे आणि रात्री गिटार वाजवीत असे. १९६५ साली त्याने नोकरी सोडण्याचे ठरविले. कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी पत्रा दाबण्याच्या यंत्रावरचा कामगार आला नव्हता, म्हणून याला त्या यंत्रावर उभे करण्यात आले. त्या यंत्राचे शिक्षण त्याला नव्हते. यंत्र खाली आले आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे ज्या हाताने तारा दाबावयाच्या, नेमका तोच हात. खाडा झालेल्या माणसाच्या जागी कोणालाही उभे करण्याची ही पद्धत आम्ही किती कारखान्यांत पाहिली आहे, आणि किती बोटे त्यापायी गेलेली पाहिली आहेत, त्याची मोजदाद नाही. त्या बोटांची किंमत कामगार-नुकसानभरपाईच्या कायद्यातील कोष्टकात टक्क्यांनी लिहिलेली असते.

आयोमीच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. आगीत भाजल्यामुळे राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो अप्रतिम गिटार वाजवी. मुलाने धीर धरला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपणे बनविली, त्यांवर चामडे चिकटविले, आणि ती बोटांवर चढवून वाजवू लागला. जाड तारा दुखत, म्हणून त्याने बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरच खाली उतरविला. या उतरलेल्या सुरातून एक जड, गडद आवाज निघाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० च्या फेब्रुवारीत निघाली. तिचे ध्वनिमुद्रण जेमतेम एका दिवसात उरकले होते. हेवी मेटलचा आरंभ बहुतेक जाणकार तेथून धरतात.

जर्मनीतही हेच आढळते. सोलिंगन हे वस्तऱ्या-कात्र्यांसाठी जगप्रसिद्ध गाव. तेथून 'अॅक्सेप्ट' हा वाद्यवृंद निघाला व त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९७९ साली आली. कोळशाच्या खाणींच्या ऱ्हूर प्रदेशात गेल्झनकिर्शेन येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी 'सोडोम' निघाला. त्याचा म्होरक्या टॉम एंजलरिपर स्वतः कोळसा खाणीत काम करीत होता आणि खाणीतून सुटका व्हावी म्हणून गाऊ लागला. शेजारच्या एसेन शहरातील शाळकरी मित्रांनी 'क्रिएटर' काढला. त्यांचा गायक व गिटारवादक मिले पेत्रोझा याचे घराणे मूळ इटलीचे. १९८५ साली त्यांची 'एंडलेस पेन' ही पहिली ध्वनिमुद्रिका बर्लिनच्या 'नॉइझ' या कंपनीने काढली, तेव्हा मिलेचे वय सतरा होते. तिघेच जण, त्यांतले दोघे आळीपाळीने गात. वेग असा की ऐकणाऱ्यास दम लागावा.

ही मुले तालीम कोठे करीत? एसेनच्या आल्टेनएसेन भागात 'कार्ल' नावाची बंद पडलेली खाण होती. तिची इमारत पाडू नये म्हणून तेथील नागरिकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस खटपट केली व तिचे सांस्कृतिक केंद्र बनविले. त्या जुन्या खाणीच्या इमारतीत क्रिएटरची तालीम चाले. एसेनमधील शेवटची खाण, झोलफराइन, १९८६ च्या डिसेंबरात बंद झाली. बाप खाणीत, खाण मरणपंथाला लागलेली, आणि पोरे मेलेल्या खाणीत गिटारी बडवीत आहेत! त्या संगीतात इतका राग कोठून आला, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. कापड गिरण्यांच्या या शहरात हे संगीत कोणी आणले?

पाश्चात्त्य वाद्ये मुंबईस नवी नव्हती. गोव्याचे ख्रिस्ती वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पिढ्यान् पिढ्या वाजवीत आले आहेत. १९७० च्या सुमारास सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' या स्पर्धा भरत. १९७० व १९७१ च्या स्पर्धांतील गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. तरुणांच्या संगीताला पहिला आश्रयदाता मिळाला तो सिगारेटवाला, ही आमच्या देशातील कलेची कुंडली आहे. मुंबईच्या 'अॅटॉमिक फॉरेस्ट' या मंडळींची ध्वनिमुद्रिका १९८१ साली निघाली. परंतु या साऱ्या काळात मुख्य धंदा होता तो परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल वाजविण्याचा. हॉटेलात आणि कॉलेजात मागणी त्यालाच होती.

१९८२ च्या १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साठावर गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरणगावही विरत गेले. संपाचा असा शेवट होत असतानाच, १९८४ साली, त्याच शहरात 'रॉक मशीन' नावाचा वाद्यवृंद निघाला. महेश तिनईकर हे गिटारवादक, मार्क सेल्विन हे बास गिटार वाजविणारे. आरंभी इयन सांतामारिया गात. पुढे उदय बेनेगल गायक झाले. जयेश गांधी यांची दुसरी गिटार, मार्क मेनेझिस यांचे ड्रम, झुबिन बालापोरिया यांचा कीबोर्ड अशी जुळणी होत गेली. नावे पाहा! कोकणी-मराठी, गुजराती, ख्रिस्ती आणि पारशी एका रंगमंचावर. मुंबईच्या मातीतच हे शक्य होते. आमच्या युनियनच्या कार्यकारिणीत असे मिश्रण जमविण्यासाठी आम्हांस फार खटपट करावी लागली आहे.

यांचे संगीत काटेकोर अर्थाने हार्ड रॉक, म्हणजे हेवी मेटलचे थोरले भावंड. कट्टर मंडळी त्यांना मेटल म्हणणार नाहीत. तरीपण या देशात त्या रस्त्याने पुढे जे गेले, त्यांना ही वाट सापडली ती याच मंडळींमुळे, असे आमचे मत आहे.

पहिली काही वर्षे त्यांनीही परकीय गाणीच वाजविली. कॉलेजांची संमेलने हा त्यांचा मुख्य रंगमंच. वाद्यांची अडचण मोठी. १९९१ पूर्वीच्या काळी परदेशी माल आणावयाचा तर परवाना लागे आणि जकात डोईजड असे. चांगली गिटार किंवा अॅम्प्लिफायर परदेशी असलेल्या नातेवाइकामार्फत मिळाला तर मिळाला. या एका गोष्टीने कोण वाजवू शकतो आणि कोण नाही, याची चाळणी लागत होती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

१९८६ साली फरहाद वाडिया यांनी धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. रंगभवन म्हणजे झेविअर कॉलेजाच्या शेजारचे उघडे नाट्यगृह. मराठी नाटकवाल्यांनाही ते परिचित. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथे तरुणांची झुंबड उडे. रॉक मशीनची कीर्ती झाली ती अशाच खुल्या रंगमंचांवर.

१९८८ साली सी. बी. एस. या कंपनीने त्यांची 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही पहिली ध्वनिमुद्रिका काढली. 'टॉप ऑफ द रॉक' हे तिच्यातील गाजलेले गाणे. ती आज ऐकली तर त्या काळच्या अमेरिकन गाण्यांची छाप तिच्यावर स्पष्ट दिसते. उच्चार परदेशी, गाण्यांतील पात्रेही परदेशी वाटतात. धोबी तलाव त्यात कोठेच ऐकू येत नाही. मग तिचे महत्त्व कशात? तर गाणी त्यांची स्वतःची होती यात. चार वर्षे दुसऱ्याची गाणी वाजवून ज्यांनी टाळ्या मिळविल्या, त्यांनी आपले गाणे पुढे ठेवावयाचे म्हणजे ओळखीच्या टाळ्यांवर पाणी सोडावयाचे. श्रोता ओरडून परकीय गाण्याची फर्माईश करतो आणि आपण आपलेच रेटावयाचे, हे सोपे नाही. या मंडळींनंतर महाविद्यालयांच्या स्पर्धांतून 'तुमचे स्वतःचे काय आहे?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. कारागीर दुसऱ्याच्या नमुन्यावरून माल काढावयाचे सोडून स्वतःचा नमुना काढू लागला, म्हणजे त्याच्या चालण्यात जो फरक पडतो, तो आम्ही सुताराच्या व शिंप्याच्या बाबतीत पाहिला आहे. गवयाचेही तसेच असावे.

हक्काचा प्रश्न मात्र त्या काळी अंधारातच होता. गाणे रचणाऱ्याने आपला हक्क कंपनीला एकदा लिहून दिला की पुढे ते गाणे कितीही वाजो, त्याच्या पदरात काही पडेलच असे नाही, ही या धंद्यातील सर्वसाधारण रीत होती. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा पक्का झाला. कलावंतही मजुरीवरच जगतो, हे मान्य होण्यास एवढी वर्षे लागली.

आता तो राहिलेला मुद्दा. बर्मिंगहॅमला आणि ऱ्हूरमध्ये हे संगीत कामगारांच्या घरांतून निघाले. मुंबईत ते इंग्रजी बोलणाऱ्या कॉलेजांतून निघाले. गिरणगाव आणि धोबी तलाव यांच्यात लोकलने अर्ध्या तासाचेही अंतर नाही. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढणाऱ्यांच्या पोरांनी हे खडखडाटाचे संगीत का उचलले नाही?

कोणी म्हणेल, भाषा इंग्रजी म्हणून. हे पुरते उत्तर नव्हे. जर्मन खाणकामगारांची पोरेही मोडक्या इंग्रजीतच गात होती. खरे कारण आम्हांस मजुरीत दिसते. इंग्लंडातला सतरा वर्षांचा कामगार स्वतःच्या पगारातून हप्त्याने गिटार घेऊ शकत होता. आमच्या गिरणी कामगाराला ती कित्येक महिन्यांच्या पगारातही परवडली नसती, आणि संपानंतर तर पगारच राहिला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत जेथे माणसे पाळीपाळीने झोपत, तेथे अॅम्प्लिफायर ठेवावा कोठे?

दुसरे कारण अधिक सुखाचे आहे. गिरणगावाला स्वतःचा आवाज होता. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेखांच्या आवाजाला ध्वनिवर्धकाची गरज नसे, असे जुने लोक सांगतात. डफ, तुणतुणे आणि गळा यांवर मैदानेच्या मैदाने हलत होती. आणि ज्या १९८० च्या दशकात रॉक मशीनची ध्वनिमुद्रिका निघाली, त्याच दशकात स्वस्त कॅसेटमुळे भीमगीते आमच्या मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांवर पोचली. त्यांचाही आवाज मोठाच होता, आणि त्यांतही संताप होता. तेव्हा कामगाराच्या पोराजवळ धातूचे संगीत नव्हते, म्हणजे त्याच्याजवळ काहीच नव्हते, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

पुढे जे घडले ते मात्र जिव्हारी लागणारे आहे. एसेनला बंद खाण तिथल्याच पोरांच्या तालमीसाठी उघडी राहिली. मुंबईत बंद गिरण्यांच्या आवारांत काय झाले? वरळीला बॉम्बे डाइंगच्या आवारात २००६ साली 'हार्ड रॉक कॅफे' उघडले. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' हे संगीताचे केंद्र निघाले. ते २०१६ पर्यंत चालले. रॉक संगीत अखेर गिरणीत पोचले, परंतु कामगार बाहेर गेल्यावर. तिकीट काढून आत जाणाऱ्यांत गिरणी कामगाराची पोरे फार थोडी; वाढपी आणि पहारेकरी म्हणून अधिक असतील. कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना २०१७ च्या २९ डिसेंबरला आग लागून १४ माणसे मेली, तेव्हा आम्हांस गिरण्यांतील जुन्या आगी आठवल्या. जागेचा धंदा बदलला. बाहेर पडण्याच्या वाटेकडे दुर्लक्ष करण्याची खोड तीच राहिली.

आवाजाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कारखान्यात आठ तासांस ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि गोंगाटाने येणारे बहिरेपण कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले होते. तरी लातूरकडच्या एका डाळमिलमध्ये बावीस वर्षे काढून ठार बहिरा झालेल्या एका गृहस्थासाठी आम्ही हेलपाटे घातले, त्याच्या कानाची नोंद अखेरपर्यंत झाली नाही. उलट रंगभवनाची गोष्ट पाहा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, इस्पितळे व कॉलेजे जवळ असल्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला, आणि तेथील संगीताचे मोठे कार्यक्रम बंद पडले. रुग्णास शांतता हवी, याविषयी आमचा वाद नाही. वर्षातून काही संध्याकाळी होणारा पोरांचा गोंगाट मोजावयास यंत्र मिळते आणि बारा महिने तेरा काळ चालणारा चक्कीचा गोंगाट मोजावयास मिळत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रॉक मशीनची पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १९९० साली दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली. १९९३ साली त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केले. सिंधू नदीचे नाव घ्यावेसे वाटले, यात आपल्या मुळांकडे पाहण्याची इच्छा दिसते. १९९७ साली मंडळी पांगली, २०१० मध्ये पुन्हा जमली आणि २०१२ साली त्यांनी नवी गाणी काढली.

तोवर खरेखुरे, कट्टर हेवी मेटल मुंबईत रुजले होते. २००० साली साहिल मखिजा या तरुणाने 'डेमॉनिक रिसरेक्शन' हा वाद्यवृंद काढला व त्याच वर्षी पहिली ध्वनिमुद्रिकाही काढली, ती कोणत्याही मोठ्या कंपनीच्या दाराशी न जाता. संगणक आल्यामुळे ध्वनिमुद्रणाचे साधन वाजविणाऱ्याच्या हाती आले होते. उत्पादनाचे साधन कोणाच्या हाती, हा प्रश्न आम्ही जन्मभर विचारीत आलो. गवयांच्या बाबतीत त्याचे उत्तर निदान काही अंशी बदलले. २०१० साली लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार या मंडळींना मिळाला. २०१७ साली त्यांनी 'दशावतार' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी. भाषा इंग्रजी, गर्जना धातूची, पण विषय कोकणातल्या दशावतारी खेळ्याला चटकन ओळखू यावा असा.

त्यांतील नववे गाणे बुद्धावर आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार, ही गोष्ट आपल्या गावातील पुष्कळांना मान्य होणार नाही. १९५६ साली नागपूरला घेतलेल्या प्रतिज्ञांत तिचा स्पष्ट नकार आहे, आणि आम्हीही त्यांच्याच बाजूचे आहोत. या मुद्द्यावर त्या पोरांशी वाद घालावयास आम्ही तयार आहोत. परंतु त्यासाठी ते गाणे आधी ऐकले पाहिजे. ते आम्ही बरोबर आणले आहे. ध्वनिवर्धकवाल्याची हरकत नसेल तर व्याख्यानानंतर लावू. ज्यांना थांबावयाचे असेल त्यांनी थांबावे, आणि लहान मुलांना तेवढे कर्ण्यापासून दूर बसवावे.